वर नाही, खाली

प्रिय चिंगे,

पत्र बघून हसशील. फोन असताना बाबांना कागद कुठून आठवला, असं मावशीला विचारशीलही. फोन मी तीनदा लावला आणि तिन्ही वेळा तू उचलायच्या आत बंद केला. समोरासमोर अडचणीचं काही आलं की मी आवाज चढवतो, हे तुला नव्याने सांगायला नको. कागदावर आवाज चढवता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी इथली खबरबात. आपला बलून, तो भोपळा, दुरुस्त होऊन आला. त्याच्या नारिंगी कापडाचे खालचे दोन पट्टे नवे बसवलेत. वरचं सगळं उन्हाने विटलेलं आणि हे कोरे, त्यामुळे म्हाताऱ्याने नवी पँट घातल्यासारखा दिसतो. टोपलीचा एक कोपरा उसवला होता, तो मी स्वतः वेत भिजवून विणला. त्यावर आईचं म्हणणं, घरातली खुर्ची चार वर्षं फाटकी आहे, तिच्याकडे कधी बघणार? आणि तुझं पायलटचं लायसन्स परीक्षक साहेबांच्या टेबलावर तसंच सहीवाचून पडलंय. तुझा जबाब त्यांच्याकडे पोचला, माझा कालपर्यंत नव्हता. दोन्ही जुळल्याशिवाय ते सही करणार नाहीत की नाकारणारही नाहीत. आज एकोणीस दिवस झाले.

बावीस वर्षांत मी किती पोरांना उडायला शिकवलं, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. बलूनला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. हातात काय, तर वरची आग आणि गरम हवा सोडून द्यायची ती लाल दोरी. त्यात आगीची खोड अशी की आत्ता जाळ दिला तर बलूनला तो दहा-बारा सेकंदांनी कळतो. नव्या माणसाला एवढा दम कुठला? काही होत नाही बघून तो पुन्हा जाळ देतो, मग आणखी देतो, आणि मग एकदम असा वर जातो की खाली उभ्या असलेल्या माझ्या तोंडचं पाणी पळतं. तू मात्र तिसऱ्याच उड्डाणात छोटासा जाळ देऊन हाताची घडी घालून उभी राहिलीस. मी टोपलीत शेजारीच होतो. तुझे ओठ हलत होते, तू मनात आकडे मोजत होतीस. बलून सावकाश वर सरकला आणि तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. त्या दिवशी मी तुला काही बोललो नाही, पण घरी येऊन आईला तीन वेळा तेच सांगितलं. चौथ्या वेळी ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आणि वारा ओळखणं! डावीकडे जायचं तर डावीकडे वाहणारा वारा कोणत्या उंचीवर आहे ते शोधायचं आणि तिथे जाऊन बसायचं, एवढीच आपली दिशा. त्यासाठी टोपलीच्या कडेवरून खाली थुंकून थुंकी कुठे वाहते ते बघायला मीच तुला शिकवलं. पण ते तू मामांच्या गच्चीवरून पाहुण्यांसमोर करून दाखवलंस तेव्हा आईने माझी जी हजेरी घेतली, ती अजून विसरलो नाही. खरं सांगू, तेव्हाही मला आतून गुदगुल्याच होत होत्या.

आता त्या सकाळचं. तुझं परीक्षेचं उड्डाण, टोपलीत तू एकटी. मी खालून गाडीने मागे येत होतो. कोबीच्या शेताजवळ ड्रायव्हर फाटक उघडायला उतरला आणि गाडीत रेडिओ घेऊन मी एकटाच राहिलो. तू झाडांच्या रांगेवरून खाली येत होतीस, ऊन समोरून डोळ्यांवर. झाडं ओलांडलीस आणि दोघांनाही एकदमच दिसल्या विजेच्या तारा, तुझ्यापासून फार तर दीडशे पावलांवर. अशा वेळी काय करायचं हे मी प्रत्येक पोराकडून शंभरदा घोकून घेतलंय. वर नाही, खाली. वर जायला आगीला वेळ लागतो आणि तेवढा वेळ वारा देत नाही. गॅस बंद, दोरी ओढ, टोपली आपटू दे, घासटू दे, पण तारांच्या अलीकडे थांब.

आणि चिंगे, मी रेडिओवर ओरडलो, "जाळ दे! वर घे, वर!"

बावीस वर्षांचं सगळं पाठांतर एका क्षणात गेलं. मला बलून दिसत नव्हता, शिकाऊ पायलट दिसत नव्हती, फक्त तू आणि तारा दिसत होत्या, आणि तुला तिथून उचलून वर न्यावं एवढंच सुचत होतं. तू ज्योत विझवलीस, सिलिंडरची कळ बंद केलीस आणि लाल दोरीला लोंबकळलीस. टोपली आपटली, आडवी झाली, कोबीचे गड्डे उडवत फरपटत गेली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन पावलं टाकून मोजलं. पसरलेल्या कापडाच्या टोकापासून तारा सहा पावलांवर होत्या. मी बांधावर बसून राहिलो.

पण हे दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मी काय केलं? तू चिखलाने माखून उभी, कोपर सोलवटलेलं, आणि मी मागच्या गाडीतून पोचलेल्या साहेबांसमोर, सगळ्या पोरांसमोर तुझ्यावर बरसलो, की परीक्षेच्या दिवशी मास्तरांची सूचना धाब्यावर बसवते ही. साहेबांनी विचारलं, कोणती सूचना? मी म्हणालो, लिहून देतो. तू कापड गुंडाळत होतीस. गाडीत एवढंच म्हणालीस, "बाबा, मी ऐकलं होतं." मला तो उद्धटपणा वाटला. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून मावशीकडे गेलीस आणि आता उडणार नाही म्हणून आईला सांगितलंस. मीही हट्टाने तुला अडवलं नाही.

काल साहेबांनी मला बोलावलं आणि तुझा जबाब वाचायला दिला. तुझं ते गोल गोल अक्षर. 'रेडिओवर खरखर होती, सूचना ऐकू आली नाही. तारा उशिरा दिसल्या हा माझा निष्काळजीपणा.' एवढा धडधडीत खोटेपणा तू जन्मात कधी केला नव्हतास, आणि केलास तो माझी मास्तरकी वाचवायला. मला त्यांच्यासमोर रडू आलं, गं. साहेब खिडकीकडे बघत बसले. मी तिथेच कागद मागून घेतला आणि माझा जबाब लिहिला. त्याची प्रत सोबत आहे, पण पाकिटातून ती काढायच्या आधी माझ्याकडूनच ऐक. 'रेडिओ चांगला चालू होता. मी तिला वर जायला सांगितलं. ती सूचना चूक होती. तिने ती ऐकली आणि मानली नाही, म्हणून माझी मुलगी जिवंत आहे.' खाली सही केली आणि शिकवण्याचा माझा परवाना साहेबांच्या पुढ्यात ठेवला. तो ठेवायचा की परत द्यायचा, ते त्यांनी ठरवावं. तू फक्त तुझ्या जबाबातली ती खोटी ओळ खोडायला ये. माझं ऐकलं नाहीस, याचा मला किती अभिमान वाटतो ते मला चारचौघांत सांगायचंय, ज्यांच्यासमोर ओरडलो त्याच सगळ्यांसमोर.

तुझाच,
त्या सकाळी तुझ्याकडून शिकलेला,
बाबा