चमचा कुठे आपटायचा

सोमवार, संध्याकाळ. सॉल्ट लेक.

आज मी मुद्दाम चुकलो. स्पेनमधल्या नातीशी बोलता यावं म्हणून शालिनी आणि मी म्हातारपणी स्पॅनिश शिकायला बसलो. मी क्रियापदाचे तुकडे पाडायचो, जोर येईल तिथे ती चमचा आपटायची. 'को-मे-रे', म्हणजे मी जेवेन. जोर 'रे'वर. चुकलो की म्हणायची, "अहो, शेवटी! घास मध्येच काय गिळता?"

आता तिला फारसं काही आठवत नाही. आज चमचा तिच्या हातात दिला आणि जोर 'मे'वर दिला. एवढं तरी खटकेल? रागावली असती तर माझा जीव भांड्यात पडला असता.

तिने 'मे'वरच चमचा आपटला. आणि किती खूश झाली! मग काय, मीही तसंच म्हणत राहिलो.