शिंपीकाकांच्या मनातलं

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज परत तेच! भेटीची वेळ संपली, काकू पिशवी घेऊन उठल्या आणि शिंपीकाकांनी त्यांचं मनगट धरलं. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण डाव्या हातात अजून काय जोर आहे! आधी मनगट हलवलं, मग काकूंच्या गुडघ्यावर थापटत राहिले. तोंडातून नुसतं "आ... आ..." डोळ्यांत पाणी.

मी म्हटलं, "काकू, नका जाऊ. बस म्हणतायत ते तुम्हाला."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. रात्री नातेवाइकांना थांबू देत नाहीत, पण वॉर्डची इन्चार्ज मी. स्टूल दिलं. काकांनी तोंड फिरवून डोळे मिटले. दमले असतील बिचारे.

५ नोव्हेंबर, बुधवार

मेट्रन म्हणाल्या, शिकाऊ मुलींना पेशंटशी कसं बोलावं ते तुम्हीच शिकवा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. मी काय, हरभऱ्याच्या झाडावर! मुलींना शिंपीकाकांचंच उदाहरण दिलं. शब्दांवाचून अडत नाही, म्हटलं, नजर वाचायला शिका. मुली भराभर लिहून घेत होत्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आमचे हे जेवताना म्हणाले, "तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस." म्हटलं, मला आधीच कळतं त्याला मी काय करू?

१० नोव्हेंबर, सोमवार

काकू पडल्या.

सकाळी पाणी भरायला गेल्या आणि व्हरांड्यात चक्कर येऊन कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. बीपीच्या गोळ्या घरी राहिलेल्या — घरी गेल्याच कुठे होत्या? पाय सुजून चपलेत मावत नव्हते. सगळा वॉर्ड बघते मी, आणि माझ्याच स्टुलावर बसलेल्या बाईचे पाय मला दिसले नाहीत!

त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. खाली काका पलंगाच्या कठड्यावर हात आपटत होते. मी म्हटलं, "काळजी करू नका, बऱ्या होतील." हेच वाक्य कधी बोलू नका असं मुलींना बजावलं होतं मी. तेच तोंडातून निघालं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काकांना बोलायला शिकवणारी थेरपिस्ट आली. कालची पोरगी, माझ्यापुढे ती काय सांगणार, असंच मनात होतं. तिने फक्त आपली दोन बोटं काकांच्या हातात दिली. "हो असेल तर एकदा दाबा. नाही असेल तर दोनदा." मग प्रश्न. आधी सोपे, आणि प्रत्येक प्रश्नानंतर गप्प बसायची. किती वेळ गप्प! माझीच चुळबूळ चाललेली.

मग तिने विचारलं, "काकूंनी रात्री इथे थांबावं असं वाटत होतं?"

दोनदा. इतक्या जोरात की ती कळवळली.

"त्यांनी घरी जावं? पाय दुखतात त्यांचे, म्हणून?"

एकदा. आणि मग हात सोडेनातच.

रोज संध्याकाळी हा माणूस जीव तोडून सांगत होता — जा, पाय सुजलेत, पड जरा. आणि मी त्याच्या तोंडावर उलटं भाषांतर करत होते. प्रेमाने! हुशारीने! शरमेने मान वर होईना.

आता काकांना घरी नेल्यावर उठवणार कोण, भरवणार कोण? ती बाई स्वतःच अंथरुणाला खिळली. माझ्यामुळे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काकांपाशी बसले. बोटं दिली. म्हटलं, "काका, चूक माझी आहे. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. माफ कराल?"

वाट पाहिली. पहिल्यांदाच मध्ये काही बोलले नाही.

एकदा नाही, दोनदा नाही. त्यांनी हात काढून घेतला.

योग्यच केलं. उद्या वर जाऊन काकूंना सगळं सांगायचं. शिकाऊ मुलींनाही सांगायला हवं, लिहिलेलं खोडा म्हणून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. काकू छताकडे बघत ऐकत होत्या.

"माहीत होतं हो मला," म्हणाल्या. "संसार केलाय त्यांच्याबरोबर. गुडघ्यावर थापटलं की 'जा, पड जरा' — घरीसुद्धा तसंच करायचे."

"मग थांबलात का?"

"घरात ह्यांच्या शिलाई मशीनचा आवाज नाही. एकटीला झोप येत नाही, भीती वाटते. लेक फोनवर ओरडायची, घरी जा म्हणून. तुम्ही थांबा म्हणालात ते बरंच झालं. सिस्टरनेच सांगितलंय म्हणायला मोकळी झाले."

काका मुके झाले होते. काकू बोलू शकत होत्या — रोज माझ्यासमोर बसून होत्या. त्यांना मी एकदाही काही विचारलं नाही.