पाठीवरचा हात सोडून बाकी सगळं

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, अविवाहित, धंद्याने कॅमेरा चालवणारी, सेटवर जिला सगळे गवंड्याच्या वजन टांगलेल्या दोरीवरून ‘ओळंबा’ म्हणत, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय करते आहे. दडपण आणायला घरात दुसरं कुणी नाही, हेही वकिलांनी नोंदवून घ्यावं. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहून दिलं नाही. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि गॅलरी, धाकट्या भावाला. “ताई, एवढं लोखंड अंगावर घेऊन फिरतेस, त्यापेक्षा एखादा नवरा परवडला असता,” असं तो एकदा चारचौघांत बोलला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तेव्हा हसले आणि मग बरीच वर्षं त्याच्याकडे गेले नाही. त्यानेही बोलावलं नाही. तरी घर त्याचंच, कारण गॅलरीतली फरशी त्याने स्वतः बसवून दिली होती आणि ती अजून हललेली नाही.

२. बँकेतली सगळी शिल्लक खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीला. माझं कामाचं जॅकेट पुरुषाच्या मापाचं होतं, ते तिने उसवून माझ्या अंगाचं केलं. मी दोन दिवस दिसले नाही की ती वर येऊन दार वाजवते. माझं दार वाजवणारी ती एकटीच आहे.

३. माझा कंबरदुखीचा पट्टा त्या दिग्दर्शकाला, ज्याने खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि मला एकच जिना दिवसभर उलटा उतरायला लावला. त्यालाही आता कंबर असेलच.

४. माझा स्टॅबिलायझर. कुणाला, ते पुढे लिहिते. आधी वस्तू काय आहे ते सांगते. अंगात जॅकेट, जॅकेटला स्प्रिंगचा हात, त्या हाताला दांडा. दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला बॅटरी आणि छोटा पडदा. माणूस चालतो, पण चित्र हलत नाही. माझा हा हलका प्रकार आहे, छोट्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेला. मोठा माझ्या अंगाला बसला नसता. कामं मात्र यायची ती जड कॅमेऱ्याची. मग शहाणे सांगायचे, वर जड झालं ना, खाली लोखंड बांध. तोल येतो, खोटं नाही. पण एकूण वजन वाढतं आणि स्प्रिंगचा हात मान टाकतो. म्हणून आधी कॅमेऱ्यावरचं उतरवावं. मूठ काढावी, झाकणं काढावीत, लेन्स हलकी लावावी. मग कॅमेऱ्याची बॅटरी काढून खालच्या टोकाला न्यावी, वायर लांब घ्यावी. वरचंच वजन खाली गेलं की नवं आणावं लागत नाही. तरी कमी पडलं तर दांडा थोडा लांबवावा. शेवटी दांडा आडवा धरून सोडावा. तो सावकाश उभा राहिला तर ठीक. धाडकन उभा राहिला तर खाली जास्त झालं. वकील म्हणतात, हे मृत्युपत्रात लिहायचं नसतं. मग कुठे लिहू? घरात ऐकणारं कोण आहे?

५. नट चालत पुढे येतात तेव्हा कॅमेरा धरणाऱ्याला त्यांच्यासमोर उलटं चालावं लागतं. मागचं दिसत नाही, म्हणून एक माणूस पाठीवर हात ठेवून मागे चालतो. माझा पाठराखा लाइट विभागातला होता. “बाई, पायरी.” “बाई, वायर.” “डावीकडे.” एवढंच बोलायचा. आम्ही कितीतरी जिने आणि व्हरांडे असे पालथे घातले, आणि मी एकदाही पडले नाही. ‘कट’ ऐकू आलं की तो लगेच हात काढून घ्यायचा. मला ते नको असायचं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला तो माणूस हवा होता. पण त्याचा संसार होता, आणि आम्ही दोघंही सभ्य होतो. आता त्याची बायको नाही, तो दुसऱ्या गावी मुलाकडे राहतो.

काम सुटल्यापासून माझ्या पाठीला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपशिवाय काही लागलेलं नाही, आणि तो थंड असतो. कधी दुपारी मी जॅकेट चढवते, बंद पडलेला कॅमेरा लावते आणि खोलीत उलटी चालते. कपाटावर आपटते. मग सगळं उतरवून ठेवते.

६. स्टॅबिलायझर पाठराख्याला द्यायचं मी ठरवलं होतं. वकिलांनी विचारलं, साक्षीदार कोण? एक डॉक्टर. दुसरं नाव मला सुचेना. “आमचा कारकून करेल सही, रोजच करतो,” वकील म्हणाले. मी म्हटलं, ज्याने मला कधी पाहिलं नाही, तो माझी काय साक्ष देणार? मी पाठराख्याला बोलावते. तर ते म्हणाले, “मग त्यांना वस्तू देता येणार नाही. साक्षीदाराला दिलेलं टिकत नाही. काय ते एक ठरवा.”

माझ्याने ठरेना. मी फोन लावला आणि त्यालाच दोन्ही गोष्टी सांगितल्या. तो येणार नाही, असंच मी धरून चालले होते.

“वस्तू कुणालाही द्या, बाई,” तो म्हणाला. “मी येतो.”

सबब स्टॅबिलायझर माझ्या भाचीला, म्हणजे वर लिहिलेल्या भावाच्या मुलीला, जी लोकांचे समारंभ टिपते. अट एकच. मागे कुणाचा हात असल्याशिवाय तिने उलटं चालू नये.

येणेप्रमाणे सगळं वाटून झालं. वाचून पाहिलं, पटलं, सही करते.

ठिकाण: माझ्या घरची पुढची खोली.
दिनांक: सहीखाली माझ्या हाताने घातला आहे.

(सही) ओळंबा

साक्षीदार पहिले, डॉक्टर: सही माझ्यासमक्ष झाली. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सांगितलेलं ऐकत नाहीत, पण तो आजार नव्हे.
(सही)

साक्षीदार दुसरा, पाठराखा: वकील म्हणाले समोर बसा. मी बसलो नाही. सही मागून पाहिली, नीट दिसली. सही करताना बाई हलल्या नाहीत. पाठीवर हात ठेवला होता. सही झाल्यावर काढला नाही.
(सही)