शार्दूलचा काउन्सेलर आणि माझे तीन

७ फेब्रुवारी, चँडलर, अमेरिका
ऑफिसातल्या शार्दूलकडे जेवायला गेलो. भर पंगतीत सांगून टाकलं त्याने की तो काउन्सेलरकडे जातो. परतताना गाडीत उर्वी म्हणाली, बायकोशी किती मोकळा बोलतो ना तो. मी ड्राइव्ह करत होतो म्हणून गप्प बसलो. एरवी मीही मोकळाच आहे. लग्नाला सतरा वर्षं झाली, तिची कधी तक्रार नाही.

१६ फेब्रुवारी
शार्दूलच्या काउन्सेलरची पद्धत म्हणजे सीबीटी. डोक्यात आलेला विचार लिहायचा आणि खरा की खोटा ते तपासायचं. हिशेबी डोक्याच्या माणसांना बरी. मीही लावली. होमवर्क मिळाला.
विचार: शार्दूल माझ्यापेक्षा चांगला नवरा आहे.
विरुद्ध पुरावे पाच हवे होते. दोनच मिळाले. त्याला चहा धड करता येत नाही. घोरतो (अंदाज).

२ मार्च
सीबीटी बंद. फार वरवरची. नवे काउन्सेलर थेट लहानपणात शिरतात. ज्यांचं लहानपण वाईट गेलं, त्यांना हे सूट होतं. माझं उत्तम गेलं. तरी पन्नास मिनिटं धाकट्या भावाबद्दलच बोललो. त्याला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा आईने शिरा केला होता. मला मिळाली तेव्हा नाही. राग आला होता का, असं त्यांनी विचारलं. मला शिरा आवडत नाही, असं सांगितलं.

१९ मार्च
तिसऱ्या काउन्सेलर बाई नुसतं ऐकतात आणि आपलंच वाक्य आपल्याला परत देतात. घरी ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांच्यासाठी. मी म्हणालो, शार्दूल पुढे गेला. त्या म्हणाल्या, शार्दूल पुढे गेला असं तुम्हाला वाटतंय. म्हणजे त्यांनाही पटलं.
जेवताना घरी तिन्ही पद्धतींची तुलना समजावून सांगितली. अनया म्हणाली, डॅड, इट्स नॉट अ काँपिटिशन. चौदाव्या वर्षी कळत नाही. उर्वी ताट घेऊन उठली. पोट भरलं असावं.

२८ मार्च
उर्वीला म्हटलं, आपण कपल काउन्सेलिंग करू. शार्दूलने अजून ते केलेलं नाही.
ती डिशवॉशर लावत होती. लावून झाल्यावर म्हणाली, “मी ऑक्टोबरपासून जाते एकीकडे. दर गुरुवारी. तू विचारशील म्हणून वाट बघितली.”
मला वाटायचं गुरुवारी योगा असतो.
तिची पद्धत कोणती, ते विचारलं. ती वर निघून गेली.

२ एप्रिल, गुरुवार
उर्वी साडेपाचला निघाली. विचारायचं होतं, तिथे गेल्यावर रडतेस का.
विचारलं, गाडीत गॅस आहे का.
आहे, म्हणाली.