हिरव्या वायरीचं कापलेलं टोक

३ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर अजून महिनाभर निघणार नाही, असं आईकडून कळलं. शिडीवर चढून अख्ख्या गावाचे पंखे बसवणारा माणूस स्वतःच्या दाराच्या पायरीवरून पडतो म्हणजे कमालच झाली! आई आधी हसली, मग रडली, मग तुझ्या चपलांना शिव्या दिल्या. आता तू घरात अडकलायस, दुकान बंद आहे आणि तू मामीचं डोकं खात असशील, म्हणून मी तुला एक काम देते. पण आधी शपथ घे, आईला कळता कामा नये.

मी इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे. जुनी, अगदी स्वस्तातली. आमच्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं, पूर्वी कुठल्याशा हॉटेलात गायचं. त्याच्या माळ्यावर पडून होती. सोबत तितकाच जुना ॲम्प्लिफायरही दिला त्याने. आम्ही त्याला ढब्बू म्हणतो, कारण तो उचलताना दोघींची कंबर मोडते. गिटार एके काळी लाल होती म्हणे. तारा गंजलेल्या, खुंट्या सैल, आवाजाचं बटण फिरवलं की खर्र करतं. सगळ्यात वाईट म्हणजे नुसती लावून ठेवली तरी घूंऽऽ अशी घरघर सुरू होते आणि तारांना हात लावला की ती आणखी वाढते. त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, थोडी घरघर आहे, बाकी काही नाही, चालवून घ्या.

येत्या सव्वीस तारखेला, रविवारी संध्याकाळी, मोठ्या सभागृहात आमचा पहिला कार्यक्रम आहे. आम्ही तिघी आहोत. मी वाजवणार आणि मीच गाणार. आईला मी दोन वर्षांपूर्वी एकदा विचारून बघितलं होतं. ती म्हणाली होती, गळ्यात पट्टा अडकवून किंचाळायला मी तुला वाढवलं नाही, आणि ते लाकूड या घरात आलं तर एक तर ते राहील नाहीतर मी. म्हणून गिटार आमच्या ड्रमवालीच्या घरामागच्या खोलीत असते. पत्र दुकानाच्या पत्त्यावरच पाठव.

कळावे. लोभ आहेच, तो आईच्या नकळत थोडा वाढवावा.

तुझी,
भिंगरी

—

८ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिने मला अंघोळ घातली आहे आणि बदडलंही आहे, आणि तिच्यापासून काही लपवायचं म्हटलं की मी अजून आधी दाराकडे बघतो. तरी शपथ घेतली. मामीने हे पत्र लिहिताना बघितलं आणि म्हणाली, दोघंही मार खाल.

आता ऐक. तुझे डोळे आणि माझं डोकं. ढब्बूचा आणि गिटारीचा प्लग काढून ठेव आणि गिटारीचं मागचं झाकण उघड. आत काय काय दिसतं ते मला जसंच्या तसं लिहून कळव. चित्र काढलंस तर उत्तम. तोवर तारा बदल, नव्या खुंट्या बसव, सगळे स्क्रू आवळ. खर्र करणाऱ्या बटणात रेडिओवाले मारतात तो स्प्रे मार आणि ते पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरव, सुतासारखं होईल. तारांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्या झिजल्या असतील. त्यावर तू काचा घासण्याची तुमची बारीक पूड वापरून बघ. तुझ्या मालकाला विचारून, हां! चोरून नको.

लोभ असू दे, आणि पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

तुझा,
मामा

—

१२ जून

ती. मामास,
शि. सा. न.

मालकांनी पूड दिली, वर चेष्टाही केली, म्हणाले आता गिटारीला नंबर काढून दे. पट्ट्या अशा चकाकल्या आहेत की बोट आपोआप घसरतं. नव्या खुंट्यांनी सूर धरला. बटणाचं तू म्हणालास तसंच झालं, खरखर गेली. घरघर मात्र आहे तशीच.

झाकण उघडलं. चित्र सोबत आहे, हसू नकोस. सगळ्या वायरी आपापल्या जागी आहेत. एकच हिरवी वायर अधांतरी आहे. तारा खालच्या बाजूला ज्या धातूच्या पट्टीत अडकवतात, तिथून ती लाकडातल्या भोकातून आत येते आणि मग कशालाच लागत नाही. टोक सरळ कापलेलं आहे, कात्रीने कापावं तसं. बटणाच्या पाठीवर त्याच हिरव्या वायरीचा एवढासा तुकडा अजून चिकटलेला आहे. म्हणजे ती तिथेच जोडलेली असणार ना? तू सांगशील ते करते. दिवस भराभर चाललेत आणि आईने काल विचारलं की माझ्या बोटांना घट्टे कसे पडले. मी म्हटलं, फ्रेमचे स्क्रू. तिने माझा हात उजेडात धरून बघितला. तिने बघितलं की मला घाम फुटतो.

तुझी लबाड,
भिंगरी

—

१६ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सापडला चोर! ती हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. ती जोडलेली असली की तारा शांत राहतात आणि घरघर बोटांनी गिळली जाते. कुणा अर्धवटाने दुरुस्ती करताना कापली आणि जोडायची विसरला. असली कामं बघितली की माझं टाळकं सरकतं. माझ्या दुकानातून तुटकी वायर परत जोडल्याशिवाय आजवर एक इस्त्रीही बाहेर गेलेली नाही.

दोन्ही टोकं खरवडून लख्ख कर आणि कथील वितळवून डाग दे. डाग चकचकीत दिसला पाहिजे, मळकट दिसला तर परत दे. त्याशिवाय आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटव आणि तोही त्याच डागाला जोड. मग बघ, तुझी माळ्यावरची गिटार नव्या गिटारीचे कान उपटते की नाही.

लोभ दुप्पट असावा, काम तसंच झालं आहे.

तुझा,
मामा

—

२२ जून

ती. मामास,
शि. सा. न.

मामा, तू जादूगार आहेस! डाग दिला, पत्रा लावला, झाकण घातलं, ढब्बू लावला आणि... शांत. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत बसलो. मग मी एक तार छेडली आणि ड्रमवाली चक्क रडली. हा आवाज त्या लाकडात इतकी वर्षं होता आणि कुणी ऐकला नव्हता. मी तुझी जन्माची ऋणी आहे, खरंच.

काल पूर्ण तालीम झाली. एक गंमत सांगते. गाताना ओठ माइकला टेकले की बारीक मुंग्या येतात, कधी चटकाच बसतो. तिघी हसून हसून लोळलो, म्हटलं गाण्यात आता खरंच करंट आला. ढब्बूचा प्लग दोन पायांचा आहे, भिंतीत सैल बसतो, तो उलटा करून लावला की मुंग्या कमी होतात. आमच्यातली तिसरी म्हणते रबरी चपला घालून गा. पण स्टेजवर मी अनवाणी जाणार आहे, आमचं तसं ठरलं आहे.

दुकान शुक्रवारपासून रंगकामाला बंद आहे, तेव्हा आता पत्र पाठवू नकोस, सोमवारनंतर पाठव. रविवारी संध्याकाळी सहाला माझी आठवण काढ.

तुझ्या लोभाच्या जिवावर उभी,
भिंगरी

—

२६ जून, सकाळ

ती. अक्कास,
सा. न.

प्लास्टरच्या पायाने मला येता येत नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, तो तुझ्या गावची पहिली गाडी घेऊन निघतोय. तार केली नाही, कारण तार बघून तू आधी भोवळ येऊन पडशील आणि मग वाचशील, आणि तारेत हे मावलंही नसतं. सगळं वाच आणि मग लगेच निघ. रागावायला नंतर वेळ आहे.

भिंगरीने गिटार घेतली आहे. तुला न सांगता. मला सांगून. आज संध्याकाळी सहाला मोठ्या सभागृहात ती गाणार आहे. महिनाभर मीच तिला पत्रातून गिटार दुरुस्त करायला शिकवतोय.

अक्का, मी चुकलो. गिटारीत एक वायर कापलेली होती. मी म्हटलं, कुणीतरी विसरला. विसरलेली वायर अशी सरळ कापलेली नसते गं, हे मला कळायला हवं होतं. ती मुद्दाम कापली होती. तिच्याकडचा ॲम्प्लिफायर आतून खराब आहे, त्याच्या पत्र्यावर वीज उतरते. आधीच्या माणसाला ओठांना झटके बसले असणार, म्हणून त्याने ती वायर कापली, म्हणजे वीज तारांपर्यंत पोचू नये. मी ती परत जोडून घेतली. तिच्याच हाताने. आता तिचा हात तारांवर आणि ओठ माइकवर असले की वीज तिच्या छातीतून जाणार. खोलीत नुसत्या मुंग्या आल्या, कारण पायात चपला होत्या आणि माइक साधा होता. सभागृहात माइक पक्क्या अर्थिंगला जोडलेला असतो आणि ती अनवाणी उभी राहणार आहे.

तिचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. तेव्हापासून औषधवाल्याच्या फोनवरून तिच्या दुकानात घंटा वाजवतोय, दुकान बंद आहे. सभागृहाचं ऑफिसही रविवारी बंद. ड्रमवाली कुठे राहते ते लपवालपवीच्या नादात मी विचारलंच नाही. तुझ्याशिवाय माझ्याकडे कुणी नाही.

तिला त्या ॲम्प्लिफायरला हात लावू देऊ नकोस. कुणी काही म्हणालं तरी.

तुझा,
खटक्या

—

२६ जून, दुपार

चि. भिंगरीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला परवा मिळेल. मिळावं. मी हे का लिहितोय मला ठाऊक नाही, हात रिकामा ठेववत नाही म्हणून लिहितोय.

ड्रायव्हरने डेपोतून औषधवाल्याकडे फोन केला. तुमच्या घराला कुलूप आहे. शेजारी म्हणाले, आई सकाळीच कुणाच्या आजारपणाला गेली, कधी येईल माहीत नाही. त्याने पत्र दाराखालून सरकवलं आणि त्याला परत निघावं लागलं. मी कुबड्या घेऊन स्टँडवर गेलो होतो. पुढची गाडी साडेचारची, ती आठाला पोचते. मामीने मला तिथल्या बाकावर बसवलं आणि तीही बसली.

मुंग्या आल्या असं तू लिहिलंस ना, ते वाक्य मी परत परत वाचतोय. तू हसत लिहिलं आहेस. बाळ, तुला काही झालं तर मी परत पक्कड हातात धरणार नाही.

मामा

—

२७ जून

चि. खटक्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: ती ठीक आहे. आत्ता समोर बसून पोळी खाते आहे आणि मी काय लिहिते ते वाकून बघते आहे. आता श्वास घे आणि पुढचं वाच, कारण पुढे तुला शिव्या आहेत.

मी साडेपाचला घरी आले. दार उघडलं तर पायाखाली पाकीट. उभ्यानेच वाचलं. गिटार हा शब्द वाचून जो संताप आला तो तीन ओळी टिकला. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. घरातल्या सपाता घालूनच धावले, एका भाजीच्या टेम्पोवाल्याला आडवी गेले. तो म्हणाला, मावशी, मरायचं आहे का? मी त्याला म्हटलं, मला नाही, पण चल.

सभागृह भरलं होतं. दाराशी एक पोरगा तिकीट मागत होता, त्याला ढकललं. समोर पाहते तर स्टेजवर आपली भिंगरी, अनवाणी, गळ्यात पट्टा, डावा हात तारांवर, आणि माइककडे वाकत होती. मला ओरडायचं होतं रे. तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. जन्मभर त्या पोरीवर ओरडले आणि नेमक्या त्या वेळी घशातून हूं की चूं नाही.

दाराशेजारी भिंतीवर लोखंडी पेटी होती. लहानपणी तू सारखा घरातला मेन खटका ओढायचास, सगळं घर अंधारात घालायचास आणि मी तुला बदडून काढायची. काल मी पेटी उघडली आणि असेल नसेल तो खटका खाली ओढला. सगळीकडे काळोख, बोंबाबोंब. मग मात्र माझा आवाज आला. मी ओरडले, भिंगरे, तारेला हात लावशील तर तंगडी मोडीन!

तिथला लाइटवाला बॅटरी घेऊन माझ्या अंगावर धावला. त्याला तुझं पत्र वाचायला लावलं. तो हसला, म्हणाला, काका घाबरट दिसतात. पण टेस्टर घेऊन गेला, लाइट चालू केले, ढब्बू चालू केला आणि टेस्टर तारांना लावला. टेस्टरमधला दिवा असा पेटला की त्याचं हसू तिथेच राहिलं. भिंगरी पांढरी पडली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिला एक थोबाडीत दिली आणि मग घट्ट धरली, कुणाला काय वाटेल याचा विचार केला नाही.

लोक ताटकळले होते. लाइटवाल्याने सभागृहाचा स्वतःचा ॲम्प्लिफायर आणला, तीन पायांच्या प्लगचा, आणि म्हणाला आता बिनधास्त. भिंगरी गिटार गळ्यात घालून उभी राहिली. तारांवर हात ठेवीना, माइकजवळ जाईना. ती परत गाणार नाही, आजच काय, कधीच नाही, हे मला दिसलं. दोन वर्षांपूर्वी मला हेच तर हवं होतं ना? काल नको झालं.

मी सपाता काढल्या आणि स्टेजवर चढले. अख्ख्या सभागृहासमोर तिच्या गळ्यातल्या गिटारीच्या तारांवर डावा हात पसरला आणि माइकला ओठ टेकवले. काही झालं नाही. थंड लागला. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला म्हटलं, गा आता.

खटक्या, ती गायली रे. मी पहिल्या रांगेत अनवाणीच बसले होते.

तू माझ्यापासून लपवलंस, त्याचा हिशेब प्लास्टर निघालं की समोरासमोर होईल. येताना तुझा टेस्टर आण आणि तो ढब्बू उघडून सरळ करून दे, तोवर त्याला मी कपाटात कुलूप लावून ठेवलं आहे. गिटार माझ्या पलंगामागे उभी आहे. यापुढे भिंगरीची पत्रं या घराच्या पत्त्यावर पाठव.

राग आहे, लोभही आहे, दोन्ही सांभाळावे.

तुझी,
अक्का