गाऱ्हाण्यात कंपनीचं नाव

९ नोव्हें. २००६, तोंडवली
जत्रेची सुटी भांडून घेतली. द्यायची नव्हती, कारण पायलट कमी. कमी असणारच. छोटी विमानं चालवणारी प्रत्येक कंपनी दुसरीची माणसं पळवतेय. जे राहिले त्यांच्या डोक्यावर सगळं ओझं, आणि मी राहिलेल्यांतला. उड्डाणाचे तास भरले, परीक्षा झाल्या, तरी कॅप्टनचं ट्रेनिंग 'पुढच्या बॅचला'. तोवर शेजारी बाहेरून आणलेला गोरा कॅप्टन. पगार माझ्या कितीतरी पट, वर फ्लॅट, गाडी. उतरायच्या गावाचं नाव त्याला उच्चारता येत नाही, ते रेडिओवर मी बोलायचं. किळस येते.

नव्या कंपनीनं (यापुढे न.कं., नाव वहीतही नको) थेट कॅप्टन म्हणून बोलावलंय. कागद हातात येईपर्यंत चिडीचूप. जुनीला (जु.कं.) वास लागला तर मेलो. सोडायचं तर सहा महिन्यांची नोटीस, वर त्यांचं नाहरकत पत्र. त्याशिवाय दुसरीकडे विमानाला हात लावता येत नाही.

फक्त बाबांना सांगितलं.

११ नोव्हें.
काय बोलावं.

सकाळी देवळात नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायला तातू गावकार उभे. बाबा त्यांच्या कानाशी लागले तेव्हाच मला कळायला हवं होतं. तातूंचा आवाज म्हणजे पार बंदरावर ऐकू जाणारा. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक..." करत त्यांनी जु.कं.चं नाव घेतलं, न.कं.चं घेतलं, कधी जाणार ते सांगितलं. "हय तेका कुजवतत, थय कॅप्टन करतत. तेच्या खांद्यार चार पट्टे चढव, आणि आडवो येयत तेका उभो करून ठेव, म्हाराजा!" सगळा गाव एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

त्या सगळ्यात पंढरी होता. शेजारच्या काकींचा भाचा, गोव्याच्या विमानतळावर जु.कं.चं सामान चढवतो. सर्वांत मोठ्यानं व्हय म्हाराजा त्याचंच.

बाबांना विचारलं, कंपनीचं नाव कशाला सांगितलंत? "मगे देवाक काय अर्धा सांगूचा? नाव घेतल्याशिवाय तेका कळतला कसा?"

आई म्हणाली, "झाला ता झाला. जेव."

१३ नोव्हें., मुंबई
पंढरीनं गोव्यात अभिमानानं सगळ्यांना सांगितलं, आमचो गाववालो कॅप्टन झालो म्हणून. त्याचा राग तरी कसा धरू. आज चीफ पायलटनी केबिनमध्ये बोलावलं. निष्ठेवर प्रवचन. कंपनी म्हणजे कुटुंब. "तुमच्यासारख्यांमुळे फ्लाइट्स रद्द होतात, प्रवासी रडतात." एसी फुल, घाम मला. ड्युटीच्या तक्त्यातून माझं नाव काढलं. नोटीस दिली ती घेतली नाही. नाहरकत पत्र? हसले.

१९ डिसें., तोंडवली
न.कं.च्या बाई फोनवर फार गोड. पत्र आणा, आम्ही थांबतो. जु.कं. काढत नाही, सोडत नाही, उडवत नाही. मूळ पगार चालू. पायलटला बसवून ठेवायचं म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. उडलो नाही तर लायसन नावापुरतं. आणखी काही महिने असेच गेले तर कॅप्टन राहू दे, उजवी, को-पायलटची सीटसुद्धा नव्यानं परीक्षा देऊन मिळवावी लागेल.

गावात जो तो विचारतो, "सुटी केदवा संपता?"

८ जाने. २००७
किनाऱ्यावर बाबांच्या मच्छीमार संघाची रापण ओढायला जातो. घरी बसून वेड लागेल. हात सोलले.

बाबांना आज सगळं रापणीच्याच हिशेबानं नीट समजावलं. रापणीत प्रत्येक घराचा जाळ्याचा तुकडा असतो, सगळे जोडून एक जाळं. ज्याला संघ सोडायचाय त्यानं मोसम संपल्यावर आपला तुकडा उसवून न्यायचा, कोणी अडवत नाही. जाळं पाण्यात असताना मात्र सोडून जायचं नाही. बाबांनी दोर गुंडाळला. मग म्हणाले, "ह्ये तुझे तुकडो पण देनत नाय आणि वडूक पण देनत नाय. ह्यो खयचो धंदो?"

मी म्हटलं, शिकलेल्यांचा.

२ मार्च
सहकारी मेननचा फोन. को-पायलट आहे, माझ्यानंतर लागलेला. त्याला कामातून मान वर करायला वेळ नाही. माझ्या वाटणीची उड्डाणंही तोच करतो. तक्रार नाही केली. विचारलं, मासे मिळतात का रोज.

आणि दोन्ही कंपन्यांच्या साहेबांनी म्हणे एकत्र जेवून ठरवलंय, एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत. आमची वाटणी जेवणावर.

२० जून
हसावं की थुंकावं. चीफ न.कं.त गेले. कुटुंबवाले चीफ. नोटीस नाही, पत्राला अडचण नाही, आज इथे उद्या तिथे, आणि तिथे सगळ्या पायलटांचे प्रमुख. मला बसवून ठेवणारा माणूस माझ्या जागेच्याही वर जाऊन बसला.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "देवान उभो करून ठेवल्यान नाय, उलट बसवल्यान." आणि हसायला लागले. मीही हसलो, पण आतून जळत होतं.

५ ऑक्टो.
लायसनचं वैद्यकीय झालं. पास. उपयोग काय.

आई नवसाचा कोंबडा पाळतेय. कॅप्टन झाल्यावर द्यायचा. चांगला माजलाय. मी अंगणातून गेलो की अंगावर येतो.

२८ नोव्हें.
एका दिवशी दोन फोन.

सकाळी चीफ. आवाजात मध. झालं गेलं विसरा, पत्राचं मी बघतो, डावी, कॅप्टनची सीट तुमची. फक्त येताना जु.कं.चे दोघे पायलट घेऊन या, माणसांअभावी विमानं उभी आहेत. जेवणावरचा ठराव गेला उडत. "मेनन तुमचं ऐकेल." मेनन आला तर त्याचाही माझ्यासारखा वर्षभर लोंबकळता बांगडा होईल. ते मी पाहिलंय, त्यानं नाही.

दुपारी जु.कं. चीफच्या जागी आलेले नवे साहेब. इतके जण गेलेत की आता मी आठवलो. कॅप्टनचं ट्रेनिंग सोमवारपासून. आधी पाच वर्षांचा बाँड, आणि गेल्या वर्षाबद्दल माझी माफी. माझी.

दोघांना उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय. नाही म्हटलं तर लायसन भिंतीला टांगायचं. विमान तर चालवायचंय. त्यासाठी कोणाच्या तरी उष्ट्यात हात घालावाच लागेल, एवढं कळलंय. घाण वाटते सगळ्याची.

३० नोव्हें., जत्रा
कालची मुदत गेली. फोन दोघांचेही आले, उचलले नाहीत. रात्रभर मेननचा नंबर काढत होतो आणि ठेवत होतो.

सकाळी बाबांनी नारळ आणला. या वेळी तातूंच्या कानाशी लागले नाहीत, मला पुढे केलं. "तुझा तूच सांग."

मी नारळ ठेवून हात जोडले. तातूंनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! गेल्या वर्सा ह्या लेकरान तुका सांगितल्यान..." आणि थांबले. मान वळवून हळू विचारलं, "बाबू, आता खयच्या कंपनीचा नाव घेव?"

गाव 'व्हय' म्हणायला तोंड उघडून उभा. पुढच्याच रांगेत पंढरी, सुटी काढून आलेला. खिशातला माझा फोन थरथरत होता.