मोळी कुठाय?

चि. बबडीस, काकूचे आशीर्वाद.

डोंगरातल्या बायकांच्या आठवणींचं तुझं पुस्तक मागल्या आठवड्यात पोचलं. टपालाचे चाळीस रुपये मला भरावे लागले, त्याचं काही नाही. पण तुझ्या आजीचं पान वाचलं आणि किळस आली.

तू आजीचं बोलणं टिपायला यंत्र लावून बसलीस तेव्हा मी शेजारीच तांदूळ निवडत होते. सासूबाईंनी सांगितलं ते असं: सरपण आणताना चढणीवरच तुझा बाप जन्मला. नाळ त्यांनी कोयत्यानं कापली आणि बाळ पदरात बांधून घर गाठलं. तर तुझ्या आजोबांनी पहिलं विचारलं, "मोळी कुठाय?" आणि त्यांना मोळी आणायला परत धाडलं.

पुस्तकात मात्र आजोबा धावत येतात आणि दोघांना उचलून आणतात! मेलेल्याला पुण्यवान करायला जित्या बाईचं तोंड दाबलंस?

त्या रोज विचारतात, "सूनबाई, वाच की गं! मोळीचं आलंय ना? सगळ्यांना ऐकू दे एकदा, मग मी मरायला मोकळी." रोज पोथी वाचणारी मी, चष्मा फुटला म्हणून खोटं बोलले.

याआधी अशी दोन पत्रं लिहून पोथीतच ठेवली आहेत, हे तरी टपालात टाकेन. त्यांना काय वाचून दाखवू, तुझं की त्यांचं? उलट टपाली कळव.

तुझी काकू